विचारा की! : जुन्या टोपोशीटवर आपलं गाव शोधताना

गेल्या अंकात सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या नकाशांवर, म्हणजे सगळे ज्याला टोपोशीट म्हणतात त्यावर, एक छोटी चौकट छापली होती की या शीट्सवर जुन्या वाटा, विहिरी, देवळं, वाड्या सगळं असतं आणि आपल्या गावाचा इतिहास शोधायला ते लई उपयोगी पडतं. त्यावर बेळगाव, खानापूर, निपाणी, हुक्केरी भागातनं बरीच पत्रं आलीत. सगळी छापणं शक्य नाही, काही निवडलीत. नावं कुणाचीच दिलेली नाहीत, कारण दोन-तीन पत्रांत जमिनीच्या भानगडी आहेत.

प्रश्न : सर, आमचं मूळ गाव जांबोटीच्या पलीकडं जंगलात होतं असं आजोबा सांगायचे. आता तिथं घर नाही दार नाही, फक्त देव आहे, वर्षातनं एकदा भावकी मिळून नारळ द्यायला जातो. जुन्या नकाशात त्या गावाचं नाव मिळेल काय? लई दिवस झाले शोधूलालोय. (खानापूर तालुका)

मिळेल, पण नाव शोधत बसू नका, जागा शोधा. सर्व्हे करणारा माणूस बाहेरचा, त्यानं वाटाड्याच्या तोंडून जे ऐकलं ते इंग्रजी अक्षरांत लिहून घेतलं, त्यामुळं तुमच्या घरात जे नाव चालतं ते शीटवर तसंच असेल याची काही गॅरंटी नाही आणि कधीकधी नाव एका वाडीचं आणि ते छापलंय शेजारच्या टेकडीवर असंही होतं.

आधी खुणा बघून घ्या. वसलेलं गाव लाल रंगात भरलेल्या चौकोनांनी दाखवतात, ओसाड गावाची खूण वेगळी असते, चौकोनांची नुसती बाहेरची रेघ. कायमची झोपडी आणि तात्पुरती झोपडी यांनाही वेगवेगळ्या खुणा आहेत. देऊळ, मशीद, थडगं, बांधलेली विहीर, न बांधलेली विहीर, झरा, सगळ्याला खूण आहे. खुणांचा तक्ता शीटच्या तळाशी असतो, झेरॉक्स काढताना लोक नेमका तोच भाग कापून टाकतात आणि मग आम्हाला विचारतात ही टिकली कसली म्हणून.

पण खरी गंमत खुणांपेक्षा वाटांमध्ये आहे. समजा सगळीकडं जंगलाचा हिरवा रंग आहे आणि त्यात मधेच एक रिकामा किंवा पिवळा तुकडा दिसतोय, पिवळा म्हणजे लागवडीखालची जमीन. त्याच्या एका अंगाला ओढा आहे. कंटूरच्या, म्हणजे सारखी उंची दाखवणाऱ्या, तपकिरी रेघा जरा लांब लांब झाल्यात म्हणजे तिथं सपाटी आहे. आणि तीन बाजूंनी तीन पायवाटा येऊन तिथंच मिळतात, घराची खूण मात्र एकही नाही. आता जंगलात तीन वाटा उगाच एका ठिकाणी येत नाहीत, तिथं कोणीतरी राहत होतं किंवा निदान भात तरी करत होतं. त्यातली एक वाट बाजाराच्या गावाकडं जात असणार, एक शेजारच्या वाडीला आणि तिसरी कुठं जाते ते बघायचं, बऱ्याच वेळा ती घाट उतरून कोकणात नाहीतर गोव्यात जाते आणि तिथंच तुमच्या भावकीच्या सोयरिकी कुठल्या ते कळतं.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा, ही कोणी सांगत नाही. सर्व्हेची माणसं फिल्डवर जायची ती पावसाळा संपल्यावर, कोरड्या दिवसांत, आणि पावसाळ्यात ऑफिसात बसून नकाशे काढायची. त्यामुळं शीटवर जे आहे ते उन्हाळ्या-हिवाळ्यातलं गाव आहे. गवळी-धनगरांच्या वस्त्या तर चारा-पाण्याप्रमाणं जागा बदलायच्या, तेव्हा शीटवर झोपडी नाही म्हणजे तिथं कोणी राहतच नव्हतं असा अर्थ काढू नका. तसंच झाडाखालचा, डोक्यावर छप्पर नसलेला देव सर्व्हेवाल्याला देऊळ वाटलाच पाहिजे असं नाही, त्यामुळं तुमचा देव शीटवर नसला तर नाराज होऊ नका.

गाव का उठलं याचं उत्तर मात्र नकाशा देणार नाही. आपल्या पश्चिम पट्ट्यात कारणं बरीच आहेत. पूर्वी इथं कुमरी चालायची, म्हणजे जंगलाचा तुकडा तोडून जाळून त्यावर दोन-तीन वर्षं नाचणी वगैरे घ्यायची आणि मग पुढं सरकायचं, ती इंग्रजांच्या जंगल खात्यानं एकोणिसाव्या शतकात आवळत आणली. रिझर्व्ह फॉरेस्टची हद्द आखली गेली, ती हद्द शीटवर दिसते, तुमची जागा त्या रेघेच्या आत पडते का बाहेर ते आधी बघा. याशिवाय हिवताप, पटकी, पाणी आटणं, भाऊबंदकी. १८८४ साली छापलेलं मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचं बेळगाव जिल्ह्याचं पुस्तक आहे, एकविसावा खंड, इंटरनेटवर फुकट मिळतं, त्यात जंगल, कुमरी, घाट, बाजार सगळ्यावर मजकूर आहे, शीट समोर ठेवून ते वाचा. आणि तालुक्याला महसुली कागद बघताना नुसतं गावाचं नाव विचारू नका, बेचिराख गावांची यादी विचारा. माणसं उठून गेली तरी महसुलात ते गाव बेचिराख म्हणून आपल्या सर्व्हे नंबरांसकट बरीच वर्षं तसंच राहतं.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांना "गाव कुठं होतं" असं विचारलं की ते हात करून "तिकडं वर" म्हणतात, संपलं. त्याऐवजी विचारा, पाणी कुठनं आणायचा, मीठ कुठनं यायचं, मयत कुठं न्यायचे, पावसात ओढा कुठं ओलांडायचा. याची उत्तरं शीटवर बोट ठेवून दाखवता येतात. आजोबा नसले तरी गावातली सासरी आलेली एखादी आजी असेल, तिला वाटा जास्त आठवतात, कारण ती त्या वाटांनी पाणी वाहिलेली असते.

प्रत्यक्ष जायचं असेल तर एवढंच, २०११ पासून खानापूरच्या जंगलात भीमगड अभयारण्य आहे, तुमची जागा त्यात येत असेल तर आधी जंगल खात्याची परवानगी घ्या. देवाला जातो म्हणून सांगितलं तर बहुतेक वेळा ऐकून घेतात, हातात जीपीएस आणि जुना नकाशा घेऊन गपचूप शिरलात तर कोणीही संशय घेईल.

प्रश्न : माझं एम.ए.चं प्रोजेक्ट आहे. आमच्या भागाची शीट कुठली हे कसं कळणार आणि ती मिळते कुठं? (बेळगाव)

नंबरची पद्धत एकदा समजली की सोपी आहे. देशाचे चार अंश बाय चार अंशाचे मोठे चौकोन केलेत, त्यांना आकडे आहेत. प्रत्येकाचे एकेक अंशाचे सोळा तुकडे, त्यांना ए ते पी अक्षरं, आणि त्यातल्या प्रत्येकाचे परत सोळा तुकडे, पंधरा-पंधरा मिनिटांचे, त्यांना १ ते १६ आकडे. मोजणी वरून खाली आणि मग पुढच्या उभ्या रांगेत. आपल्या जिल्ह्याची गोची अशी की सोळा अंश अक्षांशाची रेघ बेळगाव आणि संकेश्वरच्या मधनं जाते, त्यामुळं अर्धा जिल्हा ४७ मध्ये आणि अर्धा ४८ मध्ये. बेळगावचा किल्ला ४८ आय/९ वर आणि हिंडलगा ४८ आय/५ वर, कारण साडेचौऱ्याहत्तर रेखांशाची रेघ शहरातनंच जाते. खानापूर ४८ आय/१०, कणकुंबी ४८ आय/२, निपाणी ४७ एल/७, चिकोडी ४७ एल/११, अथणी तर पार ४७ पी मध्ये.

मिळण्याचं म्हणाल तर हल्लीच्या १:५०,००० च्या ओपन सिरीज, म्हणजे सगळ्यांना खुल्या असलेल्या, शीट्स सर्व्हे ऑफ इंडियाच्या ऑनलाईन पोर्टलवर लॉगिन करून घेता येतात. ओपन सिरीजचे नंबर वेगळ्या पद्धतीचे असतात, जुना नंबर टाकून सापडला नाही तर घाबरू नका. खऱ्या जुन्या, म्हणजे एक इंच बरोबर एक मैल स्केलच्या शीट्स विद्यापीठांच्या भूगोल विभागांत, जुन्या कॉलेजच्या लायब्ररीत, कधी इरिगेशनच्या रिटायर झालेल्या इंजिनिअरच्या घरात निघतात. समुद्रकाठच्या पट्ट्यातल्या बऱ्याच शीट्स पूर्वी रिस्ट्रिक्टेड असायच्या, आपला घाटमाथा गोव्याच्या जवळ, त्यामुळं त्या बाजूच्या जुन्या शीट्स बाहेर कमी आल्यात. अमेरिकन आर्मी मॅप सर्व्हिसनं १९५० च्या दशकात भारताचे १:२,५०,००० चे नकाशे काढले होते, यू ५०२ नावाची सिरीज, ती टेक्सास विद्यापीठाच्या लायब्ररीच्या साईटवर फुकट आहे. त्यात वाड्या फारशा नाहीत पण धरणांच्या आधीच्या नद्या आणि मोठी गावं आहेत, सुरुवातीला तेवढं पुरे.

प्रश्न : आमचं गाव हिडकल धरणात गेलं. वडील वारले, आई सांगते ते सगळं पाण्याखाली. जुनं गाव आताच्या मोबाईलच्या नकाशावर नेमकं कुठं येतं ते बघायचंय. (हुक्केरी तालुका)

हे होण्यासारखं काम आहे आणि करून टाका, आई आहे तोवर करा. घटप्रभेवरचं हे धरण १९७७ मध्ये पुरं झालं, म्हणजे तुम्हाला त्याच्या आधी सर्व्हे झालेली शीट पाहिजे, धरणाचा भाग ४७ एल/१२ वर येतो. इथं एक फरक नीट समजून घ्या. शीटवर दोन वर्षं असतात, एक सर्व्हेचं आणि एक छपाईचं. १९८० ला छापलेल्या शीटचा सर्व्हे त्याच्या कितीतरी आधीचा असू शकतो, आणि नदीत धरण नाही म्हणून शीट जुनीच असेल असंही नाही. समासातलं सर्व्हेचं वर्ष बघूनच काय ते ठरवा.

शीट चांगल्या उजेडात सपाट ठेवून स्कॅन करा, मोबाईलनं तिरपा फोटो काढलात तर पुढं सगळं वाकडं येणार. मग कॉम्प्युटरवर गुगल अर्थ उघडून इमेज ओव्हरले म्हणून शीट टाका, चार कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश छापलेले असतात त्यावर बसवा आणि पारदर्शकपणा कमी-जास्त करत खालचं आताचं चित्र बघा. बसवल्यावर सगळं शे-दीडशे मीटर सरकल्यासारखं दिसेल. ती तुमची चूक नाही, जुन्या शीट्स पृथ्वीच्या आकाराच्या एव्हरेस्ट नावाच्या जुन्या मापावर काढलेल्या आणि जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ या नव्या मापावर चालतं. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर येत असेल तर त्यात कल्याणपूर १९७५ हे एव्हरेस्टवरचं माप निवडून शीट बसवा, बरंच जुळतं. येत नसेल तर सरळ एखादं न हललेलं ठिकाण धरा, पाण्याच्या वर राहिलेलं देऊळ, टेकडीचा माथा, जुना पूल, आणि शीट हातानं ओढून त्यावर आणा. बुडालेल्या भागात जुळवायला काही नसतं म्हणून काठावरची तीन-चार ठिकाणं घ्या, एकावर विसंबू नका.

त्यानंतर गुगल अर्थमध्येच जुनी चित्रं बघायची सोय आहे, घड्याळाच्या खुणेवर क्लिक करा आणि एप्रिल-मे मधली चित्रं काढा. पाणी उतरलं की हुन्नूरचं विठ्ठलाचं देऊळ उघडं पडतं हे तुमच्याकडं सगळ्यांना माहीत आहे, तसंच जुने रस्ते, बांध आणि विहिरींचे गोल गाळातसुद्धा ओळखू येतात. आईला स्क्रीन दाखवताना नुसतं चित्र दाखवू नका, त्यावर जुनी शीट अर्धी पारदर्शक ठेवा आणि नदीपासून सुरुवात करा. नदी कुठली हे कळलं की घाट कुठला, घाटावरनं वेस, वेशीतनं आपली गल्ली, असं माणूस आपोआप चालत जातं. बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करा, मधे मधे टोकू नका.

प्रश्न : घरातल्या ट्रंकेत जुना नकाशा सापडला, खालची पट्टी फाटलीय, वर्ष दिसत नाही. किती जुना असेल? (निपाणी)

हद्दी बघा, वर्ष त्यातच असतं. चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यात दाखवला असेल तर नकाशा १ नोव्हेंबर १९५६ च्या आधीचा, कारण राज्य पुनर्रचनेत बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला तो चंदगड सोडून. जिल्हा म्हैसूर राज्यात लिहिलाय तर १९५६ ते १९७३ मधला, १९७३ ला राज्याचं नाव कर्नाटक झालं. गोवा पोर्तुगीज म्हणून दाखवलाय तर १९६१ च्या आतला. आणि जर आपल्या भागात जागोजागी संस्थानांच्या हद्दींचे तुकडे दिसत असतील, रायबाग कोल्हापूर संस्थानात, बेळगावला चिकटून असलेलं शहापूर सांगली संस्थानात, तर तो स्वातंत्र्याच्या आसपासचा किंवा त्याआधीचा. आज शहापुरात साडी घ्यायला जाताना आपण एका संस्थानात शिरतोय असं कुणाला वाटतही नाही, पण त्या काळात हद्द ओलांडली की कोर्ट वेगळं, जकात वेगळी.

रेल्वेही बघा. बेळगाववरनं लोंढ्याकडं रेल्वेची रेघ नसेल तर नकाशा १८८० च्या दशकात ती रेघ पडण्याआधीचा, तसं असेल तर ट्रंक परत बंद करू नका, नकाशा आधी चांगल्या ठिकाणी स्कॅन करून घ्या. लॅमिनेशन मात्र अजिबात करू नका.

प्रश्न : जुन्या नकाशावरनं आमचं गाव मराठी होतं हे सिद्ध करता येईल काय?

नाही. टोपोशीटवर घरं असतात, घरात बोलतात ती भाषा नसते. गावाच्या नावाचं स्पेलिंग बघून वाद घालणारे दोन्हीकडं आहेत, पण ते स्पेलिंग लिहिणाऱ्या माणसाला ना मराठी धड येत होती ना कन्नड. भाषेचे आकडे जनगणनेत असतात, तो अभ्यास वेगळा, सीमाप्रश्नाचा दावा तर २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. नकाशाला त्यात ओढलं की एकच होतं, शेजारच्या कन्नड बोलणाऱ्या आजोबांकडं विहिरीची माहिती विचारायला गेलात तर ते दार लावून घेतात. आणि गावाची निम्मी माहिती त्यांच्याकडं असते.

प्रश्न : शेजाऱ्यानं पाणंद नांगरून टाकली. जुन्या टोपोशीटवर तिथं गाडीवाट स्पष्ट दिसते. केस करू काय?

शीट घेऊन कोर्टात धावू नका. १:५०,००० च्या शीटवर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर पन्नास मीटर, एक इंच-एक मैलाच्या शीटवर तर त्रेसष्ट मीटर. पेन्सिलीचं टोक ठेवलं तरी तुमचं आणि शेजाऱ्याचं दोन्ही शेतं त्याखाली झाकली जातात, पाणंद कुणाच्या बांधातनं जात होती हे त्यावरनं कसं ठरणार? त्या भागात गाडीवाट होती एवढंच ती सांगते.

तुम्हाला पाहिजे तो महसुली गाव नकाशा, ज्यात सर्व्हे नंबर असतात आणि वाट तुटक रेघेनं दाखवलेली असते. कर्नाटकच्या भूमी अभिलेख खात्याच्या साईटवर गाव नकाशांच्या पीडीएफ आहेत. दिशांक ॲप मोबाईलवर टाकून शेतात उभं राहिलात तर तुम्ही कुठल्या सर्व्हे नंबरात आहात तेही कळतं, पण तेही अंदाजालाच. शेवटी एडीएलआर म्हणजे भूमी अभिलेख खात्याच्या ऑफिसातनं मोजणी, टिप्पण म्हणजे जुन्या मोजणीचा कच्चा नकाशा, आणि वाट वापरणाऱ्या जुन्या माणसांचे जबाब. आधी पंचायतीत बसून मिटतंय का बघा, मोजणीच्या फीपेक्षा चहा स्वस्त पडतो.

प्रश्न : वेंगुर्ल्याच्या वाटेनं बैलांचे तांडे जायचे असं गावात सांगतात. ही वाट नकाशावर सापडेल? (बेळगाव पश्चिम)

बेळगावात रामघाट रोड आहे ना, तोच तो. बेळगावचा माल वेंगुर्ल्याच्या बंदराला जायचा तो रामघाटानं, लमाणांचे बैल धान्य घेऊन खाली आणि मीठ, नारळ घेऊन वर. पुढं आंबोलीचा गाडीरस्ता झाला आणि रामघाट मागं पडला, आणि १८८८ ला मुरगावच्या बंदरापर्यंत रेल्वे पोचल्यावर वेंगुर्ल्याचंच महत्त्व उतरलं. शीटवर गाडीवाट वेगळी, ओझ्याच्या जनावरांची वाट वेगळी आणि पायवाट वेगळी दाखवतात, खिंडीलाही खूण आहे. दोन वेगवेगळ्या काळाच्या शीट्स शेजारी ठेवा आणि एकच वाट बघा, एकीवर गाडीवाट आणि नंतरच्या शीटवर पायवाट झाली असेल तर त्या वाटेवरचा धंदा मधल्या काळात संपला. वाटेवर दर काही मैलांवर विहीर किंवा तळं, बाजूला मोकळा माळ दिसला तर तो तांड्याचा मुक्काम असण्याची शक्यता आहे, तिथल्या लोकांना त्या माळाचं नाव विचारा.

प्रश्न : हायस्कूलच्या पोरांकडनं गावाचा असा नकाशा करून घ्यायचाय. सुरुवात कुठनं करावी? (शिक्षिका, खानापूर तालुका)

मॅडम, विहिरींपासनं करा. सगळं गाव घेतलंत तर पोरं गुगलवरनं फोटो चिकटवून आणतील. जुन्या शीटचा तुमच्या गावाचा भाग मोठा करून प्रिंट काढा, त्यावरच्या प्रत्येक विहिरीला नंबर द्या आणि दोघा-दोघांना एक विहीर वाटून द्या. विहीर आहे का बुजली, पाणी कोण भरायचं, कुणाला भरू देत नव्हते, कधी बंद पडली. शेवटून दुसरा प्रश्न पोरांना अवघड जाईल, लोक टाळतीलही, पण तो वगळू नका, गावाची रचना त्यातनंच कळते. ज्या विहिरी शीटवर नाहीत त्या पोरांनी वेगळ्या रंगानं काढायच्या. शेतांची नावं, माळांची नावं, वळणांची नावं शीटवर नसतात, ती त्याच प्रिंटवर देवनागरीत लिहायला लावा आणि कानडी घरातल्या पोराला त्याच्या घरातलं नाव कानडीत लिहू द्या.

एक काळजी घ्या. वीरगळ, सतीचे दगड, पडकी देवळं सापडतील, त्याची नेमकी जागा शाळेच्या फेसबुक पेजवर टाकू नका. गुप्तधनाच्या नादात रात्री कुदळ घेऊन फिरणारी माणसं आपल्या भागात कमी नाहीत आणि त्यांनाही आता मोबाईल वापरता येतो. फोटो चालेल, लोकेशन नको. आणि माहिती सांगणाऱ्याचं नाव, वय आणि तारीख प्रिंटच्या मागच्या बाजूला पेननं लिहून घ्या, पेन्सिलीनं नको.